कोणता मधुमेह, कोणाशी तुलना?

१४ नोव्हेंबर हा आपल्या शाळांत बालदिन असतो. हाच दिवस जगभर मधुमेह दिन म्हणूनही पाळला जातो, कारण इन्शुलिनच्या शोधकांपैकी एक, फ्रेडरिक बँटिंग, यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ चा. दोन्ही दिवस एकाच तारखेला यावेत हा योगायोग आहे. पण त्या दिवशीच्या वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्या चाळल्या तर त्यांत मूल सहसा कुठे दिसत नाही. दिसतो तो पोट सुटलेला मध्यमवयीन गृहस्थ, जिलेबीवर मारलेली लाल फुली, शेजारी कारल्याच्या रसाचा पेला आणि वर मधुमेहाला कायमचा रामराम ठोकण्याचे आश्वासन देणारा मथळा.

अशी कात्रणे मी काही वर्षे जमवत आलो आहे. त्यांत बारीकसारीक चुका पुष्कळ असतात. कुठे स्वादुपिंडाऐवजी यकृत इन्शुलिन तयार करते, कुठे मिलिग्रॅमचे ग्रॅम होतात. घाईने लिहिणाऱ्याच्या हातून असे होणारच आणि त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती वेगळ्याच गोष्टीबद्दल. मधुमेहाविषयीच्या कोणत्याही विधानाला दोन प्रश्न विचारावे लागतात. हे विधान कोणत्या मधुमेहाबद्दल आहे? आणि ‘गुण आला’ असे म्हणताना तुलना कोणाशी केली आहे? वर्तमानपत्रे, दूरचित्रवाणीवरचे आरोग्यविषयक कार्यक्रम आणि अलीकडे हातोहाती फिरणाऱ्या चित्रफिती हे दोन्ही प्रश्न बहुधा विचारतच नाहीत. पहिला प्रश्न न विचारल्यामुळे माणसे दगावू शकतात, आणि त्यांत लहान मुलांना धोका सर्वांत जास्त.

एक नाव, अनेक रोग

‘मधुमेह’ हे नाव लक्षणावरून पडले आहे. लघवी गोड असते, तिला मुंग्या लागतात, हे आपल्याकडील प्राचीन वैद्यांनी नोंदवून ठेवले होते. निरीक्षण अचूक होते. पण लक्षणावरून ठेवलेल्या नावाची एक अडचण असते. ‘ताप’ हा शब्द पाहा. हिवताप, विषमज्वर, डेंग्यू या सगळ्यांत अंग तापते, पण ‘तापावर रामबाण औषध सापडले’ अशी बातमी आली तर आपण लगेच विचारू, ‘कोणत्या तापावर?’ मधुमेहाच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याला सुचत नाही.

रक्तातील साखर म्हणजे ग्लुकोज. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुकोज असते. सोयीसाठी १०० धरू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर, म्हणजे ५० डेसिलिटर रक्त असते. गुणाकार केला तर ५,००० मिलिग्रॅम, म्हणजे फक्त ५ ग्रॅम ग्लुकोज भरते. संपूर्ण शरीरातल्या रक्तात जेमतेम एक चमचा साखर! दोन चमचे साखर घातलेला चहा प्यायलो तर याच्या दुप्पट साखर पोटात जाते आणि एक ताट भात खाल्ला तर सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके जातात. तरीही निरोगी माणसाच्या रक्तातले ग्लुकोज तिप्पट किंवा नऊपट होत नाही. स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्शुलिन सोडतात, स्नायू आणि मेदपेशी ग्लुकोज आत ओढून घेतात, यकृत ते साठवते आणि स्वतः नवे ग्लुकोज रक्तात सोडणे आवरते. हा गुणाकार वर्गात फळ्यावर करून पाहण्यासारखा आहे. इन्शुलिन नसेल तर काय होईल ते त्यावरून विद्यार्थ्यांना न सांगताच कळते.

ही यंत्रणा प्रामुख्याने दोन रीतींनी बिघडते. पहिल्या प्रकारात, ज्याला ‘टाइप १’ म्हणतात, शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच बीटा पेशी नष्ट करते. इन्शुलिन तयार होणेच जवळजवळ थांबते. हा रोग कोणत्याही वयात होतो, पण बहुधा बालपणी किंवा किशोरवयात उघडकीला येतो. मुलाने चॉकलेटे खाल्ली, आईने डोहाळे पुरवताना गोड खाल्ले, अशा कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे ‘टाइप २’ मध्ये, इन्शुलिन असते. पण पेशी त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत आणि ही तूट भरून काढता काढता बीटा पेशी हळूहळू थकतात. आपल्या आसपासचे बहुसंख्य मधुमेही या दुसऱ्या प्रकारातले असतात. याशिवाय गरोदरपणातला मधुमेह आहे, एकाच जनुकातील दोषामुळे होणारे काही दुर्मिळ प्रकार आहेत, आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी निगडित असलेल्या प्रकाराला ‘टाइप ५’ असे नाव दिले आहे.

टाइप १ म्हणजे काय हे समजायला इन्शुलिनपूर्व काळाकडे पाहावे. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे फॉन मेरिंग आणि मिन्कोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्याला तीव्र मधुमेह झाला. रोगाची जागा त्यामुळे कळली, उपाय मात्र कळला नाही. पुढची तीसेक वर्षे अशा मुलांना जगवण्याचा मार्ग म्हणजे त्यांना जवळजवळ उपाशी ठेवणे हा होता. त्याने काही महिने, क्वचित एखाद-दोन वर्षे मिळत. १९२१ मध्ये टोरोंटोला मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा उपयुक्त अर्क मिळवला. ११ जानेवारी १९२२ रोजी तो लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला टोचला. अर्क अशुद्ध असल्याने गुण बेताचाच आला. कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा टोचला, तेव्हा साखर झपाट्याने उतरली. हा मुलगा त्यानंतर तेरा वर्षे जगला. आज नीट उपचार मिळालेले असे मूल शिकते, खेळते, नोकरी करते, म्हातारे होते. पण त्याला बाहेरून इन्शुलिन घ्यावेच लागते. ते बंद केले तर शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये साठतात आणि काही दिवसांत, कधी त्याहूनही लवकर, मूल बेशुद्ध होऊन दगावू शकते.

आता हे ध्यानात ठेवून ‘इंजेक्शनच्या गुलामीतून सुटका’ अशा थाटाची जाहिरात किंवा मुलाखत वाचा. लिहिणाऱ्याच्या मनात पन्नाशीचा टाइप २ चा रुग्ण असेलही. पण वाचणारी व्यक्ती कदाचित नऊ वर्षांच्या मुलीची आई असते. रोज तीन-चार वेळा लेकीला सुई टोचताना तिचा जीव तुटत असतो, आणि मुलीला मधुमेह आहे हे नातेवाइकांत कळले तर पुढे लग्न कसे होणार याची धास्ती असते. तिला हा मजकूर कसा दिसेल? २०२१ च्या अंदाजानुसार भारतात २० वर्षांखालील सव्वादोन लाखांहून अधिक मुलामुलींना टाइप १ मधुमेह आहे. लेखात ‘हे टाइप १ ला लागू नाही’ एवढे एक वाक्य घालायला दोन ओळी लागतात. माझ्या कात्रणांत त्या दोन ओळी क्वचितच सापडतात.

चित्रपटांचे सांगायलाच नको. २०१३ च्या ‘हॅन्सेल अँड ग्रेटेल : विच हंटर्स’ या इंग्रजी चित्रपटात नायकाला लहानपणी चेटकिणीने बळेच मिठाई खाऊ घातल्यामुळे ‘साखरेचा आजार’ झालेला दाखवला आहे आणि तो ठरल्या वेळी सुई टोचून घेतो. कारण एका रोगाचे, तेही चुकीचे, आणि उपचार दुसऱ्या रोगाचा! कल्पित कथा म्हणून हे सोडून देता येईल. पण ‘गोड खाऊन झाला’ हा टोमणा वर्गातल्या टाइप १ च्या मुलाला खरोखरच ऐकावा लागतो.

आकडा दुप्पट कसा झाला?

जून २०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १,१३,०४३ व्यक्तींच्या तपासणीवरून भारतात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असावेत असा अंदाज त्यात होता. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एनसीडी-रिस्क’ या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञगटाचा निबंध आला आणि त्यात २०२२ सालासाठी भारताचा आकडा होता २१.२ कोटी. दोन्ही आकडे मथळ्यांत झळकले. एका बातमीशेजारी दुसरी ठेवणाऱ्या वाचकाला वाटावे की दीड वर्षात मधुमेही दुप्पट झाले. तसे काही झालेले नाही. मोजण्याची रीत बदलली होती.

इंडियाबमध्ये उपाशीपोटीची साखर आणि ग्लुकोज पाजल्यानंतर दोन तासांनीची साखर या दोन कसोट्या होत्या. दुसऱ्या निबंधात उपाशीपोटीची साखर किंवा ग्लायकेटेड हिमोग्लोबिन, ज्याला अहवालात एचबीए१सी म्हणतात, या कसोट्या होत्या. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. तेवढ्या काळात हिमोग्लोबिनला किती ग्लुकोज चिकटले यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. चाचणी चांगली आहे. मात्र शरीरात लोहाची कमतरता असेल तर तिचा आकडा काहीसा वाढलेला दिसू शकतो, आणि आपल्याकडे, विशेषतः स्त्रियांत, लोहाची कमतरता किती आहे हे सांगायला नको. शिवाय या वेगवेगळ्या कसोट्या प्रत्येक वेळी त्याच माणसांना पकडत नाहीत. गणिताच्या शिक्षकांसाठी हे संचांचे आयते उदाहरण आहे. ‘अ किंवा ब’ हा संयोग संच आणि ‘अ किंवा क’ हा संयोग संच सारखे नसतात, आणि त्यांच्या घटकांची संख्या वजा करून रोग वाढला असे म्हणता येत नाही.

भारताला ‘मधुमेहाची राजधानी’ म्हणण्याची प्रथाही अशीच. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०२१ च्या आकड्यांत चीन भारताच्या बराच पुढे होता आणि २०२४ च्या निबंधात भारत पुढे आहे. राजधानी कुठे, हे मोजपट्टी कोणती यावर ठरते. मधुमेह मोठ्या प्रमाणावर आहे आणि तो वाढतो आहे, याबद्दल दोन्ही अभ्यासांत दुमत नाही. असे असताना आकडा फुगवून भीती घालण्याची गरज काय, हे मला समजत नाही.

दोन फासे आणि एक तुळशीचे पान

आता दुसरा प्रश्न, तुलनेचा. त्यासाठी वर्गात एक प्रयोग करावा. साठ मुले असतील तर उत्तम. प्रत्येकाने लुडोचे दोन फासे टाकावेत आणि बेरीज लिहून ठेवावी. ही त्याची ‘साखर’. ज्यांची बेरीज १०, ११ किंवा १२ आली ते ‘रुग्ण’. संभाव्यतेच्या हिशेबाने सहांत एक, म्हणजे सुमारे दहा मुले निघतील आणि त्यांची सरासरी साडेदहाच्या वर असेल. या दहा जणांना प्रत्येकी एक तुळशीचे पान खायला द्यावे आणि पुन्हा फासे टाकायला सांगावे. आता त्यांची सरासरी ७ च्या आसपास येईल. दहापैकी आठ-नऊ जणांची ‘साखर’ उतरलेली असेल. तुळशीचा हा गुण पाहून मुले हसतील. मग सांगावे, की पान न देता टाकले असते तरी हेच झाले असते.

ज्यांचा आकडा आज योगायोगानेही उंच आला आहे अशांनाच निवडले, तर पुढच्या मोजणीत त्यांचा आकडा खाली येण्याचीच शक्यता अधिक. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. रक्तातली साखर फाशांइतकी लहरी नसते, तिच्यात योगायोगाचा भाग कमी आणि खऱ्या रोगाचा भाग मोठा असतो. म्हणून परतणेही अर्धवटच असते. पण माणूस नवे औषध नेमके केव्हा शोधतो? अहवालात आकडा दचकण्याएवढा मोठा आला म्हणजे. त्याच आठवड्यात तो गोड बंद करतो, सकाळी चालू लागतो, आधीच्या गोळ्या न चुकता घेऊ लागतो आणि जोडीला कसले तरी चूर्णही सुरू करतो. महिन्याने आकडा उतरला की श्रेय चूर्णाला मिळते आणि त्याचे छायाचित्रासह अनुभवकथन छापून येते. तो खोटे बोलत नसतो. त्याची साखर खरोखरच उतरलेली असते. पण चूर्ण न घेता बाकी सगळे करणारा तसाच दुसरा गट शेजारी असल्याशिवाय चूर्णाबद्दल काहीही सांगता येत नाही. अशी हजार अनुभवकथने गोळा केली तरी ही उणीव भरून निघत नाही, हे मुलांना पटवणे मात्र थोडे अवघड जाते.

शेजारचा गट असला म्हणजे काय होते त्याचेही उदाहरण आहे. ब्रिटनमध्ये मायकेल लीन आणि रॉय टेलर यांनी ‘डायरेक्ट’ नावाची चाचणी केली. टाइप २ चे निदान होऊन सहा वर्षे उलटलेली नाहीत, इन्शुलिन चालू नाही आणि वजन जास्त आहे अशा रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटाने तीन ते पाच महिने रोज सुमारे ८५० कॅलरींपुरताच द्रव आहार घेतला आणि नंतर हळूहळू नेहमीच्या अन्नाकडे वळला. दुसऱ्या गटाचे नेहमीचे उपचार चालू राहिले. वर्षअखेर पहिल्या गटातल्या १४९ पैकी ६८ जणांची, म्हणजे ४६ टक्क्यांची, साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. दुसऱ्या गटात असे ६ जण होते, म्हणजे ४ टक्के. ज्यांनी १५ किलो किंवा अधिक वजन घटवले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते.

डिसेंबर २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा ‘मधुमेह बरा होतो’ असे मथळे आले. टाइप २ हा केवळ वाढतच जाणारा रोग आहे ही समजूत या चाचणीने खरोखर हलवली, आणि जे डॉक्टर रुग्णाला वजनाबद्दल काही न सांगता गोळ्या वाढवत नेतात त्यांनीही ती वाचायला हवी. पण संशोधकांनी ‘बरा झाला’ असे म्हटले नव्हते. त्यांचा शब्द उपशम अशा अर्थाचा होता. रोग दबला आहे, परत येऊ शकतो, तपासणी सोडू नये, असा त्याचा आशय. दोन वर्षांनी उपशमात असलेले ३६ टक्के उरले. पाच वर्षांनी, पाठपुरावा चालू ठेवलेल्या गटात, १३ टक्के. घटवलेले वजन परत वाढले तसा रोगही परतला. पहिल्या वर्षाचा आकडा ज्यांनी ठळक छापला त्यांच्यापैकी किती जणांनी पाचव्या वर्षाचा छापला? मला तरी तो फारसा आढळला नाही.

महाराष्ट्रात दिवसातून दोनदाच जेवण्याच्या आणि मधल्या वेळी काही न खाण्याच्या सल्ल्याला गेल्या काही वर्षांत मोठा प्रतिसाद मिळाला. टाइप २ च्या वजनदार माणसाने कमी वेळा खाऊन वजन उतरवले तर त्याचा फायदा होणे वरील चाचणीशी सुसंगतच आहे, त्यात चमत्कार नाही. मात्र हा सल्ला डॉक्टरांना न विचारता पाळला जातो तेव्हा धोका होतो. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी राहिलेल्या माणसाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणजे इथेही पुन्हा कोणता मधुमेह आणि कोणते औषध हे आलेच.

कारले, गूळ आणि ‘केमिकल’

कारल्याबद्दल मला आकस नाही. त्यात इन्शुलिनसारखे काम करणारे एक प्रथिनवजा द्रव्य असल्याचे संशोधन आहे, आणि लेखांतून ते ‘वनस्पतिज इन्शुलिन’ म्हणून मिरवले जाते. पण इन्शुलिन तोंडाने न देता टोचावे का लागते? ते प्रथिन असल्यामुळे पोटातील विकर त्याचे तुकडे करतात. मग कारल्यातले तसलेच द्रव्य रस प्यायल्यावर कसे टिकेल, हा प्रश्न आठवीतला विद्यार्थीसुद्धा विचारू शकतो. कारल्यात इतर द्रव्येही आहेत, त्यांचा काही परिणाम असू शकेल. म्हणून तर चाचण्या करायच्या. २०१२ च्या कॉक्रेन समीक्षेला चार नियंत्रित चाचण्या सापडल्या. त्यांत मिळून ४७९ रुग्ण होते. कारल्याची शिफारस करण्याइतका पुरावा त्यांत नव्हता. भाजी म्हणून कारले उत्तम आहे, अर्थात गूळ न घालता केले तर.

वनस्पती म्हणजे निर्धोक आणि गोळी म्हणजे ‘केमिकल’ ही विभागणी तर मुळातच टिकत नाही. टाइप २ साठी सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक असलेल्या मेटफॉर्मिनची वंशावळ पाहा. गॅलेगा ऑफिसिनॅलिस या युरोपातील शेंगावर्गीय वनस्पतीत साखर उतरवणारे एक द्रव्य आहे. पण ते विषारी आहे, ही वनस्पती खाऊन गुरे मेल्याच्या नोंदी आहेत. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्याशी नाते असलेली, कमी घातक संयुगे तयार केली. त्यांतले मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रथम बनले आणि १९५७ मध्ये फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी त्याचा मधुमेहावरील वापर प्रसिद्ध केला. वनस्पतीकडून मिळालेला धागा फेकून न देता तो तपासून, मात्रा ठरवून गोळीत आणला गेला.

गूळ, मध, ब्राऊन शुगर ‘नैसर्गिक’ म्हणून चालतात, असेही वारंवार वाचायला मिळते. गुळाचा बहुतेक भाग सुक्रोज, म्हणजे साखरच. मधात सुमारे ८० टक्के शर्करा. रक्तात पोचेपर्यंत त्यांचे मूळ गाव कोणते ते ग्लुकोज विसरलेले असते. ‘शुगर फ्री’ बिस्किटांचीही तीच गत. साखर नसली तरी मैदा असतोच. पुड्यावरची ‘कार्बोहायड्रेट’ची ओळ वाचायला शिकवणे हा पंधरा मिनिटांचा तास आहे.

याच्या उलट चूक म्हणजे मधुमेह हा लठ्ठ, खात्यापित्या माणसांचा रोग समजणे. ही चूक दाखवणारे मोलाचे काम आपल्या पुण्यात झाले आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायू आणि इतर मापांत पुष्कळ लहान होती, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून मेदाळ! २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. एका छायाचित्रात एवढा आशय क्वचितच मावतो. पुरवण्यांनी तो सुटलेल्या पोटाचा गृहस्थ बाजूला ठेवून हे छायाचित्र छापले असते, तर ‘मी बारीक आहे, मला कशाला तपासणी’ म्हणणाऱ्या कितीतरी शिक्षकांनीही साखर तपासून घेतली असती.

जाहिरातींबद्दल थोडेच लिहितो, कारण तिथे कायदा अगदी स्पष्ट आहे. औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ चा आहे. ज्या ५४ रोगांवर उपाय असल्याची जाहिरात करण्यास त्यात मनाई आहे, त्या यादीत मधुमेह नवव्या क्रमांकावर आहे. असे असून रोजच्या अंकात त्या छापल्या जातात. इंडियन मेडिकल असोसिएशनने २०२२ मध्ये पतंजली आयुर्वेदच्या जाहिरातींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने न्यायालयाला हमी दिली, ती पाळली नाही म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये अवमानाची नोटीस निघाली, एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांत माफीनामा प्रसिद्ध झाला आणि ऑगस्टमध्ये तो स्वीकारून अवमानाचे प्रकरण मिटवण्यात आले. माफीनामाही जाहिरातीच्याच जागेत आला. छापणाऱ्यांची जबाबदारी काय, यावर त्यांच्या अग्रलेखांत मला फारसे काही वाचायला मिळाले नाही.

राहिली शाळा. आधी अंथरूण ओले न करणारे मूल पुन्हा करू लागले, सारखे पाणी पिऊ आणि लघवीला जाऊ लागले, खाऊनही वाळू लागले, तर शिक्षकाने पालकांना त्याच दिवशी रक्तातील साखर तपासायला सांगावे. उलट्या, पोटदुखी आणि धापा लागल्यासारखा खोल श्वास सुरू झाला असेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते. निदान झालेले, इन्शुलिन घेणारे मूल वर्गात घामाघूम झाले, थरथरू लागले, विनाकारण चिडले किंवा गोंधळल्यासारखे बोलू लागले तर त्याची साखर उतरलेली असण्याचा संभव मोठा. दूरचित्रवाणी मालिकेत अशा वेळी कोणीतरी धावत इन्शुलिन आणते. प्रत्यक्षात त्याने जीव जाईल. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि एकटे सोडू नये. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट डॉक्टरकडे न्यावे. असे मूल तास चालू असताना बिस्कीट खाऊ लागले तर त्याला उभे करू नये. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये अशा परीक्षार्थींना परीक्षेच्या खोलीतही खाण्याचे पदार्थ नेण्याची मुभा दिली आहे. आणि त्याचे इन्शुलिन थांबवून कसला रस किंवा काढा सुरू केल्याचे पालकांच्या बोलण्यातून कळले, तर पुढच्या पालकसभेची वाट पाहू नये, त्याच संध्याकाळी घरी जावे.